सीएनजीचे बिल कोणी भरले?

एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या वर्तमानपत्रांत एक बातमी आली. दिल्ली सरकारच्या नव्या ई-वाहन धोरणाचा मसुदा तयार होत आहे, त्यात सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षांची नवी नोंदणी थांबवावी आणि जुन्या सीएनजी रिक्षांच्या जागी विजेवरच्या रिक्षा आणाव्यात अशी तरतूद आहे, अशी ती बातमी होती. रिक्षावाल्यांत खळबळ उडाली. लगोलग परिवहन मंत्र्यांना खुलासा करावा लागला की कोणाचीही रिक्षा बंद होणार नाही. प्रकरण तेवढ्यापुरते मिटले.

पण कामगार चळवळीत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या आमच्यासारख्याला ही बातमी वाचून पंचवीस वर्षांपूर्वीची दिल्ली आठवली. याच रिक्षावाल्यांना तेव्हा सांगण्यात आले होते की पेट्रोल सोडा, गॅस घ्या, नाहीतर रस्त्यावरून बाजूला व्हा. त्यांनी कर्ज काढून गॅसची रिक्षा घेतली. आता त्यांच्या मुलांना सांगितले जात आहे की गॅस सोडा, वीज घ्या. म्हणजे पुन्हा नवी गाडी, पुन्हा नवे कर्ज आणि पुन्हा तोच फायनान्सर. म्हणून सीएनजीचा हा सगळा इतिहास कामगारांच्या बाजूने एकदा मांडून ठेवणे आम्हाला गरजेचे वाटते. दिल्लीच्या हवेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती हवा सुधारण्याचे बिल कोणी भरले, यावर फारच थोडे लिहिले गेले आहे.

आदेश काय होता?

तरुण कार्यकर्त्यांना हा इतिहास ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दिल्लीच्या प्रदूषणाबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ती वर्षानुवर्षे चालली. १९९८ च्या जानेवारीत भुरेलाल यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण प्रदूषण नियंत्रण प्राधिकरण नेमले गेले आणि त्याच्या शिफारशींवरून २८ जुलै १९९८ रोजी न्यायालयाने मोठा आदेश दिला. १९९० पूर्वीच्या सर्व रिक्षा आणि टॅक्सी ३१ मार्च २००० पर्यंत बदलून स्वच्छ इंधनावरच्या नव्या गाड्या आणाव्यात. आठ वर्षांहून जुन्या बसगाड्या सीएनजी किंवा इतर स्वच्छ इंधनाखेरीज चालू नयेत. ३१ मार्च २००१ पर्यंत शहरातील सर्व बसगाड्या सीएनजीवर याव्यात.

त्याच आदेशात आणखी दोन गोष्टी होत्या. सीएनजीचे पंप त्या वेळी ९ होते, ते ३१ मार्च २००० पर्यंत ८० करावेत. आणि सार्वजनिक बसगाड्यांची संख्या १ एप्रिल २००१ पर्यंत १०,००० करावी. वाचकांनी या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पंप उभारणे आणि बस वाढवणे ही सरकारची कामे होती. रिक्षा बदलणे हे रिक्षावाल्याचे काम होते. कोणाचे काम झाले आणि कोणाचे राहिले, हे पुढे दिसेलच.

सरकारी यंत्रणा दोन वर्षे ढिम्म राहिली. बसमालकांना वाटत होते की मुदत वाढेल. २६ मार्च २००१ रोजी न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली आणि ज्यांनी सीएनजीची तयारी केल्याचे दाखवले त्यांनाच सप्टेंबरअखेरपर्यंत सवलत दिली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीच्या बसथांब्यांवर माणसांचे लोंढे उभे राहिले. बस नाही, कामावर पोहोचता येत नाही, शाळेची मुले अडकलेली. बसगाड्यांवर दगडफेकही झाली. त्यानंतर मुदती वाढत गेल्या. अखेर ५ एप्रिल २००२ रोजी न्यायमूर्ती कृपाल यांच्या खंडपीठाने डिझेल बसवर रोज ५०० रुपये आणि महिन्यानंतर रोज १,००० रुपये दंड ठोठावला व १ मेपासून दरमहा ८०० डिझेल बस हटवण्यास सांगितले. १ डिसेंबर २००२ पर्यंत शहराच्या सेवेतील शेवटची डिझेल बस गेली. त्याच महिन्यात, २४ डिसेंबरला, शाहदरा ते तीस हजारी अशी दिल्ली मेट्रोची पहिली गाडी धावली.

रांगेतला माणूस

२००२ च्या सुरुवातीची गोष्ट आहे. आम्ही तेव्हा शाखेचे तरुण पदाधिकारी होतो आणि महासंघाच्या बैठकीसाठी भुसावळहून पंजाब मेलने नवी दिल्लीला उतरलो होतो. स्टेशनबाहेर एक रिक्षावाला भेटला. दरभंग्याचा होता. रिक्षात बसलो, तर मागच्या बाजूला गोधडी आणि स्टोव्ह. आम्ही विचारले, रिक्षातच बिऱ्हाड आहे की काय? तो म्हणाला, "बाबूजी, काल रात्री एक वाजता पंपावर नंबर लावला, सकाळी सातला गॅस मिळाला. झोपायचे कुठे आणि चहा करायचा कुठे?"

गॅस मिळाला तोही अर्धा. याचे कारण आम्ही नंतर समजून घेतले. सीएनजी गाडीच्या टाकीत सुमारे दोनशे बार दाबाने भरावा लागतो. पाइपलाइनवरच्या मोठ्या पंपावर कॉम्प्रेसर असतो. ज्या पंपांना पाइपलाइन नाही, त्यांना मोठ्या पंपावरून ट्रकमध्ये सिलिंडर भरून गॅस पोहोचवला जातो. पहिल्या काही गाड्या भरल्या की त्या सिलिंडरांतला दाब उतरतो आणि मागच्यांच्या टाक्या पुऱ्या भरत नाहीत. रिक्षाची टाकी चारेक किलोची. ती अर्धी भरली तर दुपारनंतर पुन्हा रांग.

त्या रांगेतल्या सहा तासांची मजुरी कोणी दिली? कोणीही नाही. रिक्षा त्याच्या मालकीची नव्हती. मालकाला रोजचे भाडे द्यावेच लागे, गॅस मिळो की न मिळो. कारखान्यात मशीन बंद पडले तर कामगाराला बसवून पगार मिळावा यासाठी आपल्या चळवळीने रक्त आटवले. रेल्वेत गाडी सिग्नलला तासभर उभी राहिली तर चालकाचा तो तास कामाच्या तासांत धरला जातो. रिक्षावाल्याचा रांगेतला तास मात्र कोणाच्याच वहीत नोंदला गेला नाही. पंप वेळेवर उभारण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांच्या दिरंगाईची किंमत अशी रोज रात्री, लाखो तासांच्या हिशेबाने, रिक्षावाल्यांनी आणि बसचालकांनी मोजली.

त्यात परवान्याचे दुखणे वेगळेच. त्याच याचिकेत १९९७ च्या डिसेंबरात न्यायालयाने दिल्लीतील रिक्षांची संख्या आहे तेवढ्यावरच गोठवली. हेतू प्रदूषण रोखण्याचा होता. परिणाम असा झाला की जुनी रिक्षा मोडल्याशिवाय नवी घेता येईना आणि परवान्याला काळा बाजार सुरू झाला. पुढे पुढे तर रिक्षापेक्षा तिच्या परवान्याचा काळा भाव जास्त झाला. बँक दारात उभे करीना, म्हणून रिक्षावाला फायनान्सरकडे गेला. हप्ता चुकला की गाडी फायनान्सरची आणि परवानाही त्याचाच. २०११ मध्ये न्यायालयाने ही मर्यादा एक लाखापर्यंत वाढवली. पण तोपर्यंत चौदा वर्षांत किती रिक्षावाले मालकाचे भाडेकरू झाले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आमचीही चूक होती

आता थोडे आत्मपरीक्षण. ते केल्याशिवाय इतरांकडे बोट दाखवण्याचा आम्हाला अधिकार नाही.

त्या काळात आमच्यापैकी अनेकांनी सीएनजीला विरोध केला. प्रदूषण हा बंगल्यात राहणाऱ्यांचा आणि इंग्रजी वर्तमानपत्रांचा विषय आहे, असे आम्ही सभांतून बोलत होतो. त्याला कारणही होते. १९९६ मध्ये याच मेहता यांच्या याचिकेवरून दिल्लीतील १६८ कारखाने बंद करण्याचा आदेश निघाला आणि हजारो कामगारांच्या पोटावर पाय आला. त्यामुळे पर्यावरण म्हटले की कामगारांना टाळेबंदीच दिसत होती. बसमालकांनी आणि डिझेलच्या व्यापारात हितसंबंध असणाऱ्यांनी या भीतीचा पुरेपूर वापर केला. संपाची हाक मालकाने द्यायची, झेंडा कामगाराच्या हातात द्यायचा आणि मुदत मालकाला मिळवून द्यायची, असे प्रकार झाले.

आज विचार केला की वाटते, डिझेलचा धूर सर्वांत आधी कोणाच्या छातीत जात होता? बसचालकाच्या, कंडक्टरच्या, रिक्षावाल्याच्या, चौकातल्या वाहतूक पोलिसाच्या आणि फुटपाथवर झोपणाऱ्या बांधकाम मजुराच्या. बंगलेवाला काच लावून गाडीत बसत होता. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. म्हणजे स्वच्छ हवा ही मुळात कामगारांची मागणी होती. ती आपण करायला हवी होती. आपण ती केली नाही, म्हणून ती दुसऱ्यांनी केली, आणि दुसऱ्यांनी केलेल्या मागणीत कामगाराच्या भरपाईचे कलम नसते. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राचे अनिल अगरवाल यांनी स्वतः कर्करोगाशी झुंजत ही लढाई लढवली. २ जानेवारी २००२ रोजी ते गेले. त्यांच्याशी आमचे मतभेद असतील, पण त्यांच्या तळमळीबद्दल शंका घेणे योग्य नव्हते.

दुसऱ्या बाजूला केंद्र सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. गोव्यातील माशेल गावी जन्मलेला आणि मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिकलेला हा मराठी शास्त्रज्ञ आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय. समितीचे म्हणणे असे की सरकारने धुराची मर्यादा ठरवून द्यावी, ती कोणत्या इंधनाने पाळायची हे गाडी बनवणाऱ्यावर आणि चालवणाऱ्यावर सोडावे. न्यायालयाने ते मानले नाही. तत्त्व म्हणून समितीचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण त्या वेळच्या दिल्लीत डिझेल-पेट्रोलमध्ये सर्रास रॉकेल मिसळले जात होते. गरिबाच्या रेशनचे रॉकेल गाडीच्या टाकीत जात होते. कागदावर मर्यादा आखून हा चोरबाजार थांबला नसता. सीएनजीत भेसळ करता येत नाही, ही साधी गोष्ट सीएनजीच्या बाजूने सर्वांत मोठी होती. म्हणून आज आम्ही मोकळेपणाने म्हणतो की इंधनाची निवड बरोबर होती. चुकली ती बिलाची वाटणी.

आणि हवा कायमची सुधारलीही नाही. काही वर्षे धूर कमी झाल्याचे दिल्लीकरांना जाणवले, पण पुढे पुन्हा दर हिवाळ्यात श्वास कोंडू लागला. रिक्षावाल्याने आपले काम केले होते. सरकारचे काम राहिले होते. १०,००० बसगाड्यांचे काय झाले? २०२५ मध्येही दिल्ली परिवहन निगम आणि क्लस्टर योजना मिळून बसगाड्यांचा आकडा त्या दहा हजारांच्या खालीच होता. दुसरीकडे शहरात नोंदलेल्या खाजगी वाहनांनी एक कोटीचा आकडा ओलांडला. बस नाही म्हणून माणूस स्कूटर घेतो, स्कूटरवाला मोटार घेतो. रिक्षावाल्याने कर्ज काढून जेवढा धूर कमी केला तेवढा त्यात वाहून गेला.

मोटारवाला आला आणि रांग वाढली

आता पंप पुष्कळ झाले आहेत. तरीही रांग आहे, कारण रांगेत आता खाजगी मोटारी आहेत. पेट्रोलपेक्षा सीएनजी स्वस्त पडतो हे मोटारवाल्यांच्या लक्षात आले. २०१० पासून कारखान्यातूनच सीएनजी टाकी बसवलेल्या मोटारी बाजारात मिळू लागल्या. जानेवारी २०१६ मध्ये दिल्लीत सम-विषम योजना आली तेव्हा सीएनजीच्या मोटारींना स्टिकर लावून सूट देण्यात आली. आज देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी सुमारे पाचातली एक सीएनजीवर चालणारी आहे.

मोटारवाल्याने सीएनजी घेतला याचे आम्हाला वाईट वाटत नाही. डिझेलपेक्षा तो केव्हाही बरा. पण फरक लक्षात घ्या. मोटारवाला स्वस्त पडते म्हणून आला, त्याला परत जाण्याची वाट मोकळी आहे. रिक्षावाल्याला हुकमाने आणले गेले, त्याला दुसरी वाटच नाही. भाव वाढला की मोटारवाला रविवारची सहल रद्द करतो. रिक्षावाला काय रद्द करणार?

आणि भाव वाढलाच. २०२१ च्या सुरुवातीला दिल्लीत सीएनजी किलोला ४३ रुपयांच्या आसपास होता. एप्रिल २०२२ मध्ये तो ७१ रुपयांच्या वर गेला. १८ एप्रिल २०२२ रोजी रिक्षा-टॅक्सी संघटनांनी संप केला आणि किलोला ३५ रुपये सवलतीची मागणी केली. सवलत मिळाली नाही. भाडेवाढ मिळाली, पण ती जानेवारी २०२३ मध्ये. त्यापूर्वीची भाडेवाढ २०१९ ची होती. मधल्या काळात फरक सोसला तो रिक्षावाल्याच्या मुलांच्या फीने आणि दुधाने.

हा गॅस येतो कुठून, हेही मराठी वाचकांनी ध्यानात घ्यावे. दिल्लीला सीएनजीची वाट मोकळी झाली ती हजिरा-विजयपूर-जगदीशपूर पाइपलाइनमुळे, आणि त्या पाइपलाइनला गॅस मिळाला तो आपल्या मुंबईसमोरच्या समुद्रातून, बॉम्बे हाय आणि वसईच्या क्षेत्रातून. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या फलाटाला लागलेल्या आगीत २२ जणांचा बळी गेला. सार्वजनिक क्षेत्राने काढलेला, कामगारांच्या घामाने आणि प्राणाने किनाऱ्याला लागलेला हा गॅस. आता देशी गॅस पुरत नाही म्हणून महागडा आयात गॅस त्यात मिसळला जातो. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात केंद्राने शहरांतील गॅस कंपन्यांच्या वाट्याच्या स्वस्त देशी गॅसमध्ये कपात केली. स्वस्त गॅस कमी असेल तर तो आधी कोणाला द्यायचा, हा प्रश्न विचारायला हवा. प्रवासी वाहतुकीवर पोट असणाऱ्याला आणि मौजेची मोटार चालवणाऱ्याला एकच भाव, एकच रांग, हा न्याय आहे काय?

रेल्वेचा अनुभव काय सांगतो?

वाचक म्हणतील, रेल्वेच्या युनियनचा चिटणीस रिक्षावाल्यांची वकिली का करतो आहे? कारण इंधन बदलते तेव्हा कामगाराचे काय होते, हे रेल्वे कामगाराइतके दुसऱ्या कोणी पाहिलेले नाही.

आमचे वडील भुसावळच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. कोळसा मारून मारून त्यांच्या तळहातांची कातडी बैलाच्या खांद्यासारखी झाली होती. वाफेची इंजिने जाऊ लागली तेव्हा घरात काळजीचे वातावरण होते. आता काय होणार? पण त्यांना प्रशिक्षणाला पाठवले गेले. पन्नाशीला टेकलेला माणूस कंदिलाच्या उजेडात वही काढून विजेच्या इंजिनाच्या आकृत्या गिरवत बसे, आणि आम्ही मॅट्रिकच्या अभ्यासाला शेजारी. ते सहाय्यक चालक झाले. प्रशिक्षणाच्या काळात पगार चालू होता. नवे इंजिन रेल्वेने घेतले, वडिलांनी नाही. हे काही प्रशासनाने प्रेमाने दिले नव्हते. युनियनने भांडून, बैठका घेऊन, वेळप्रसंगी काम रोखून मिळवले होते. १९९५ च्या अखेरीस ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने संपली, पण फायरमनच्या घरची चूल विझली नाही.

मात्र यातही एक काळी बाजू आहे आणि ती लपवणे बरे नाही. शेडमध्ये कोळसा उतरवणारे, राखेचे खड्डे उपसणारे पुष्कळसे कामगार कंत्राटी होते. शेड बंद झाली तसे त्यांचे कंत्राट संपले. त्यांना ना प्रशिक्षण, ना पगार, ना कोणी विचारले. आमच्या शेजारच्या गल्लीतले दोघे-तिघे पुढे केळीच्या वखारीत हमाली करताना आम्ही पाहिले. युनियन त्यांच्यासाठी भांडली नाही, कारण ते युनियनचे सभासद नव्हते. हजेरीपटावर ज्याचे नाव होते तो तरला, ज्याचे नव्हते तो बुडाला.

आता दिल्लीच्या शेजारीच पाहा. हरियाणातील रेवाडी आणि रोहतक ही दोन्ही गावे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. रेवाडीला वाफेच्या इंजिनांची जुनी शेड आज संग्रहालय म्हणून जपली आहे. त्याच रेवाडीहून जानेवारी २०१५ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री, आपल्या कोकणचे सुरेश प्रभू यांनी देशातील पहिल्या सीएनजी गाडीला हिरवा झेंडा दाखवला. रेवाडी-रोहतक मार्गावरची ती डेमू गाडी होती, डिझेलच्या जोडीला गॅस जाळणारी. पुढे विद्युतीकरणाचा वेग वाढला आणि पर्यायी इंधनासाठी रेल्वेने काढलेली संस्था सप्टेंबर २०२१ मध्ये बंद करण्यात आली. म्हणजे रेल्वेनेही सीएनजी करून पाहिला आणि विजेकडे वळली. पण गाडीत गॅस आला म्हणून चालकाला कर्ज काढावे लागले नाही, आणि गॅस गेला म्हणून त्याची गाडी भंगारात घालून त्याला घरी बसवले गेले नाही. बदलाचा खर्च संस्थेने उचलला.

दिल्लीचा रिक्षावाला त्या कंत्राटी कोळसा-कामगारासारखा आहे. त्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. त्याला मालक म्हणावे तर रिक्षा फायनान्सरची, कामगार म्हणावे तर पगार देणारा कोणी नाही. सरकार आदेश देताना त्याला गाडीमालक समजते आणि मदत देताना तो कोणीच नसतो.

विजेवरच्या बसगाड्यांतही हेच चालू आहे. दिल्लीत नव्या विजेच्या बस बहुतांशी कंत्राटदाराच्या आहेत, चालक त्याचा, देखभाल त्याची, आणि निगम किलोमीटरप्रमाणे पैसे मोजते. ज्या चालकांनी आणि मेकॅनिकांनी वीस वर्षे सीएनजीच्या बस चालवल्या आणि दुरुस्त केल्या, त्यांना नव्या गाडीवर हक्काने घेण्याची तरतूद कुठे आहे? ऑक्टोबर २०१८ मध्ये निगमच्या कंत्राटी कामगारांनी समान कामाला समान वेतनासाठी संप केला, तेव्हा त्यांच्यावर अत्यावश्यक सेवा कायदा उगारला गेला. धूर गेला आणि बरोबर कायमची नोकरीही गेली, असे व्हायला नको.

आमच्या मागण्या

आम्ही विजेच्या वाहनांना विरोध करत नाही. मागच्या वेळची चूक पुन्हा करायची नाही. उलट स्वच्छ हवेची मागणी कामगार चळवळीने पहिल्या रांगेत उभे राहून करावी आणि तिच्यातच भरपाईचे कलम घालावे, असे आमचे म्हणणे आहे. महासंघाने पुढील मागण्यांचा विचार करावा.

१) सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशावरून ज्याने एका इंधनाची गाडी घेतली, त्याला त्या गाडीचे पूर्ण आयुष्य चालवू द्यावे. आधी हटवायची असेल तर राहिलेल्या कर्जाची आणि किमतीची भरपाई द्यावी.

२) आधी चार्जिंगची केंद्रे, मग तारीख. १९९८ ला तारीख आधी आली आणि पंप नंतर आले, त्याची पुनरावृत्ती नको. केंद्रावर चालकांसाठी पाणी, संडास आणि बसायला सावली असावी.

३) नव्या रिक्षासाठी सार्वजनिक बँकांनी कमी व्याजाने, थेट चालकाच्या नावे कर्ज द्यावे. परवाना चालवणाऱ्याच्याच नावे असावा.

४) तोपर्यंत सीएनजी पंपांवर रिक्षा, टॅक्सी व बससाठी वेगळी रांग ठेवावी. स्वस्त देशी गॅस आधी सार्वजनिक प्रवासी वाहनांना द्यावा.

५) इंधनाचा भाव वाढला की मीटरचे भाडे ठराविक मुदतीत आपोआप तपासले जावे. नऊ-नऊ महिने वाट पाहायला लावू नये.

६) गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी करावी लागणारी दाबाची तपासणी रिक्षावाल्यांसाठी सवलतीच्या दरात व्हावी. पैसे नाहीत म्हणून तपासणी चुकवली तर जीव चालकाचा आणि प्रवाशाचा जातो.

७) सीएनजी गाड्यांच्या मेकॅनिकांना आणि बसचालकांना पगारी प्रशिक्षण देऊन विजेच्या गाड्यांवर सामावून घ्यावे. कंत्राटदार बदलला तरी कामगार बदलू नये.

या मागण्या फार मोठ्या नाहीत. रेल्वे कामगाराला पन्नास वर्षांपूर्वी जे मिळाले तेवढेच यात मागितले आहे.

शेवटी आपल्या संघटित कामगार बंधूंना एक सांगणे. आपण बैठकीसाठी दिल्लीला जातो, स्टेशनबाहेर रिक्षा करतो, दहा रुपयांवरून घासाघीस करतो आणि मग सभागृहात जाऊन असंघटित कामगारांच्या ऐक्यावर भाषण करतो. आम्हीही तेच केले आहे. त्या दरभंग्याच्या रिक्षावाल्याशीही आम्ही भाड्यावरून वाद घातला होता, हे आज कबूल करतो. सहा तास रांगेत उभा राहिलेला माणूस आमच्याकडून पाच रुपये जास्त मागत होता आणि आमच्या खिशात महासंघाचा प्रवासभत्ता होता.

पुढच्या वेळी दिल्लीला जाणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीने रिक्षावाल्याला दोन प्रश्न विचारावेत. गाडी कोणाच्या नावावर आहे? आणि हप्ता किती राहिला आहे? उत्तरे लिहून आणावीत आणि बैठकीत वाचून दाखवावीत. ठरावाचा मसुदा तिथूनच सुरू होईल.

कामगार एकजुटीचा विजय असो!